आमची वाटचाल : मीटरपासून वायरिंगपर्यंत

सुरुवातीला आम्ही दुरुस्तीला फक्त मीटर घेत असू. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर, पेट्रोलचा, तापमानाचा किंवा ऑइल प्रेशरचा मीटर खोलायचा, साफ करायचा, काटा जुळवून परत द्यायचा. वायरिंगला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. आज कामाचा मोठा भाग वायरिंगचाच आहे, आणि हे मीटरांनीच घडवून आणलं. ‘बंद पडलाय’ म्हणून आलेला पेट्रोलचा मीटर टेबलावर जोडला की पुष्कळदा अगदी नीट चालतो. मग दोष कुठे, ते शोधत आम्ही डॅशबोर्डच्या मागे शिरलो.

पहिली गाठ पडली व्होल्टेज स्टॅबिलायझरशी, म्हणजे मीटरना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या छोट्या डबीशी. साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे पेट्रोलचे आणि तापमानाचे मीटर द्विधातू (दोन धातू जोडून केलेल्या) पट्टीवर चालू लागले. पट्टी तापते, वाकते, काटा हळूहळू चढतो. अशा मीटरना सरासरी १० व्होल्ट लागतात. जुना स्टॅबिलायझर संपर्क सतत जोडून-तोडून ती सरासरी देतो, म्हणून मल्टिमीटरवर आकडा नाचतो. तो दोष नव्हे. दोन्ही मीटर एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर मीटर खोलूच नयेत. स्टॅबिलायझरच्या डबीचं अर्थ (गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी) तुटलं की आतली तापणारी तार थंडच राहते, संपर्क उघडत नाही आणि मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट जातात. नव्याने रंगवलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण डबीचा स्क्रू रंगावरच आवळलेला असतो. स्क्रूभोवतीचा रंग खरवडला की काम झालं.

स्टॅबिलायझर खरोखर गेला असेल तर आम्ही जुन्या डबीतच ७८१० रेग्युलेटर (स्थिर १० व्होल्ट देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बसवतो. त्याला इनपुटला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे इंजिन बंद असताना आणि बॅटरी उतरलेली असताना काटा थोडा खाली राहतो. ज्यांना हे खपत नाही त्यांच्यासाठी कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर घालतो. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल, तर ७८१० चालत नाही, ७९१० लागतो. म्हणून बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे, हे आम्ही आधी विचारतो.

मग टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलच्या पातळीप्रमाणे रोध बदलून मीटरला कळवणारा भाग. स्मिथ्सच्या या मीटरना टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना ३० ओहमच्या आसपास लागतात. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत क्रम उलटा आहे : रिकाम्या टाकीला ०, भरलेल्या टाकीला ९०. म्हणून सेंडरची वायर काढल्यावर स्मिथ्सचा काटा रिकाम्यावर पडतो, जनरल मोटर्सचा भरलेल्याच्या पलीकडे जातो. हे माहीत नसलं की चांगला सेंडर फेकला जातो. टाकी रबरावर बसवलेली आणि नव्याने रंगवलेली असेल, तर सेंडरच्या कडेपासून चॅसिसपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढावी. तपासताना टेबलावर १० व्होल्ट द्यावेत आणि काटा स्थिरावायला मिनिटभर थांबावं. घाई केली तर जुळवणी चुकते.

स्पीडोमीटरचं काम वेगळं, आणि आमच्या आवडीचं. स्मिथ्सच्या डायलवर बारीक अक्षरांत १०००, १२८० असा आकडा असतो : गाडी एक मैल जाते तेव्हा गिअरबॉक्सकडून मीटरला येणारी केबल इतके फेरे फिरते. म्हणजे १००० च्या मीटरची दांडी मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवली की काट्याने ताशी ६० मैल दाखवले पाहिजेत. काटा थरथरत असेल तर आधी केबल बघावी. तिला १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको. ग्रीस हलकंच लावावं आणि मीटरकडचं शेवटचं १५ सेंटिमीटर कोरडं ठेवावं, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये शिरतं आणि चुंबकाभोवतीची, काटा फिरवणारी वाटी जड होते. डायल ओल्या फडक्याने पुसू नये, जुनी अक्षरं बोटालाच लागून येतात. अंधारात चमकणारे आकडे रेडियमचे असू शकतात. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून तो रंग खरवडायचा नाही.

केशनळीच्या, म्हणजे इंजिनपर्यंत बारीक बंद नळी जाणाऱ्या, तापमान मीटरमध्ये ईथर असतं. नळी तुटली की ते उडून जातं, आणि नुसता डाग देऊन (सोल्डर करून) मीटर चालत नाही. परत भरावं लागतं, तेही नळीचं टोक बर्फ-मिठात ठेवून, कारण ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं. शिवाय ते पटकन पेट घेतं. हे काम घरी करू नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या फ्यूजमुळे झालेलं दिसतं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर म्हणजे तो वितळण्याचा प्रवाह. सतत चालण्याची क्षमता निम्मीच, सुमारे १७. त्या जागी सतत ३५ अँपिअर वाहू देणारा फ्यूज बसवला की आधी वायर तापते. १४/०.३० ची (०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची) वायर पावणेनऊ अँपिअरपर्यंत, २८/०.३० ची साडेसतरापर्यंत, असा हिशेब धरावा. अँमीटर (प्रवाह दाखवणारा मीटर) असलेल्या गाडीत डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला असेल, तर ३० अँपिअरच्या अँमीटरमधून तो सगळा प्रवाह जाऊ देऊ नये. त्याच्या मागचा सैल नट म्हणजे थेट आगीचं निमंत्रण. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी टाकला तर काही अल्टरनेटर चार्जच सुरू करत नाहीत. तिथे मूळचा २.२ वॉटचा बल्बच राहू द्यावा.

नवं वायरिंग पहिल्यांदा सुरू करताना आम्ही बॅटरीच्या वायरमध्ये १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो, वायर वाचते. मग एकेक सर्किट तपासून अर्थच्या बाजूची व्होल्टेजची घट मोजतो. ०.१ व्होल्टच्या वर गेली तर तो जोड पुन्हा उघडतो. डाग देताना फक्त रोझिनचं (राळेचं) फ्लक्स वापरतो, आम्लाचं फ्लक्स तांबं खातं.

मीटर पाठवताना सोबत स्टॅबिलायझर आणि सेंडर पाठवावा. बॅटरीचं कुठलं टोक अर्थला आहे, टायरचं माप आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर लिहून द्यावं. गिअरबॉक्स बदललेला असेल तर तेही कळवावं, म्हणजे स्पीडोमीटर त्या गाडीच्या फेऱ्यांप्रमाणे जुळवता येतो.