दोन तारे

उत्तर इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात मी धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. त्या दिवशी ट्रेमध्ये शेतात सापडलेली रोमन ब्राँझची नाणी होती. आपल्या रुपयापेक्षाही लहान, आणि एकेकावर हिरव्या गंजाचं जाड पुट.

मायक्रोस्कोपखाली मी शक्यतो साळिंदराचा काटा वापरते. माती निघते, पण धातूला चरा जात नाही. सातव्या नाण्यावर वरच्या कडेला दोन बारीक फुगवटे दिसले. गंजाच्या गाठी समजून काटा ठेवला आणि एकीवर स्काल्पेलचं टोक टेकवलं. मग मनात आलं, गंज असा जोडीनं, एका ओळीत कसा बसेल? हात मागे घेतला. पुन्हा काट्यानंच कोरत राहिले. अर्ध्या तासानं त्या गाठीला टोकं फुटली. तारा होता तो! काळजात धस्स झालं. जवळजवळ सतराशे वर्षं टिकलेला तारा माझ्या हातानं गेला असता.

दुसराही तारा निघाला, तेव्हा खाली काय आहे ते कळलंच. तरी श्वास रोखूनच खाली उतरले. कान, पाठ, मग पोटाखाली दोन बाळं, रोम्युलस आणि रेमस, रोमच्या जन्मकथेतले लांडगिणीनं दूध पाजून जगवलेले जुळे भाऊ. लांडगीण मान मागे वळवून त्यांच्याकडे बघतेय, दूध पाजताना गाय वासराकडे बघते ना, अगदी तशी.

हे नाणं सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. पण दर्शनी बाजूवर तो नाही, शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आहे. अक्षरं 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी. इ.स. 330 मध्ये त्यानं कॉन्स्टँटिनोपल या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. तिच्या नावाचंही जोडीचं नाणं निघालं, त्यावर गलबताच्या पुढच्या टोकावर उभी विजयदेवता. नव्या नगरीला विजय, आणि जुनीला तिची आई, ही लांडगीण. या वाटणीनं मला दर वेळी भरून येतं. सम्राट ख्रिस्ती धर्माकडे वळला होता, तरी लोकांच्या हातातल्या या चिल्लरीवर युद्धदेव मार्सची मुलं दूध पितच राहिली. वरचे तारे बरेच अभ्यासक कॅस्टर आणि पॉलक्स या पुराणकथांमधल्या दुसऱ्या जुळ्यांची खूण मानतात.

तळाशी 'टीआरपी' निघालं, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरच्या टाकसाळीतला पहिला विभाग. एका बाळाचा चेहरा सपाट झालाय. तिथं गंजानं खाल्लेलं नाही, ती बोटांची झीज आहे.

दुसऱ्या ताऱ्याला मातीचा एक कण अजून चिकटलेला आहे. काढायला गेले तर तारा सोबत येईल, म्हणून तसाच ठेवलाय.