अंगठ्यांचा कारभार

विमानाचं तिकीट फोनवर काढायचं नाही, असा माझा एक अलिखित नियम आहे. विम्याचा हप्ता, नोकरीचा अर्ज, कराचा फॉर्म, दोन पानांच्या वर गेलेलं कुठलंही पत्र, सगळं त्याच यादीतलं. वेबसाइट तीच, खातं तेच, पासवर्डही तोच. तरी 'पैसे भरा' या बटणापाशी आलं की माझा हात अडतो आणि मी उठून कॉम्प्युटर सुरू करते. मोठं काम मोठ्या पडद्यावर. यामागे काही शास्त्र आहे हे मी अजून कुणालाच पटवू शकलेले नाही, माझ्या भाचीला तर नाहीच नाही.

भाची सगळं फोनवर करते. बसल्या जागी म्हणायची पद्धत आहे, पण बसलेली ती क्वचितच असते, लोळल्या जागी. दोन अंगठे असे चालतात की बघत राहावं. शब्द पुरा व्हायच्या आत फोनने पुढचा सुचवलेला असतो, तो उचलून ती पुढे गेलेली असते. मध्येच आलेला निरोप एका अंगठ्याने बाजूला सारायचा, लगेच मन बदलून त्याला उत्तर द्यायचं, परत मूळ जागी यायचं. की-बोर्डवरच्या माझ्या दहा बोटांपेक्षा हे दोन अंगठे फार मागे नसावेत. "तिकीट काढायला तू उठून दुसऱ्या खोलीत का जातेस, हेच मला कळत नाही आत्या," असं ती म्हणते तेव्हा मी विषय बदलते.

जगही तिच्याच बाजूने आहे. वेबसाइटवर कोण कुठल्या यंत्रावरून येतं याची मोजदाद स्टॅटकाउंटर ही कंपनी ठेवते. तिच्या हिशेबात ऑक्टोबर २०१६ मध्ये मोबाइल आणि टॅब्लेट मिळून जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपच्या पुढे गेले, ५१.३ टक्क्यांवर. कोट्यवधी लोकांच्या बाबतीत तर फोनने कॉम्प्युटरची जागा घेतली असं म्हणणंही बरोबर नाही. जागा घ्यायला आधी तिथे कॉम्प्युटर असायला हवा. ते इंटरनेटवर आले तेच फोन हातात धरून. रस्त्यात उभं राहून नकाशा बघायचा, पैसे पाठवायचे, कागदाचा फोटो काढून तो पुढे धाडायचा, यात कॉम्प्युटरची आठवण यावीच कशाला? लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर कागद उलटासुलटा धरून 'दिसतंय का, आता दिसतंय का' करणाऱ्यांना फोनची किंमत मी सांगायला नको. तेव्हा एवढं सगळं फोनला देऊन टाकलं. वाद आहे तो उरलेल्याचा.

या उरलेल्याचीही पुढे गरज पडणार नाही, अशी भाकितं मोठमोठ्या माणसांनी केली आहेत. अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयपॅड हा टॅब्लेट आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज म्हणाले होते की पीसी हे ट्रकसारखे होतील. देश शेतीवर चालत होता तेव्हा सगळी वाहनं ट्रकच होती. शहरं वाढली तशा मोटारी आल्या. ट्रक राहतील, पण थोड्यांनाच लागतील. विचार झकास आहे. फक्त एवढंच की ते हे बोलले त्या वर्षी खुद्द अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेलं वाहन होतं फोर्डचा एफ-सीरिज पिकअप ट्रक! पुढे त्यांच्या जागी आलेल्या टिम कुक यांनी २०१५ मध्ये, आता पीसी कुणी घ्यावाच कशाला, असा सवाल केला. २०१७ मध्ये आयपॅडची एक जाहिरात आली. एक मुलगी दिवसभर आयपॅड घेऊन हिंडते. शेवटी शेजारीण विचारते, कॉम्प्युटरवर काय करते आहेस? त्यावर ती म्हणते, कॉम्प्युटर म्हणजे काय? कित्येकांना त्या पोरीचा राग आला होता. मला नाही आला. माझ्या घरात तशीच एक आहे.

पण त्या आयपॅडचा पूर्वेतिहास मजेदार आहे. २०१० चा आयपॅड डब्यातून काढला की आपला आपण सुरू होत नसे. आधी तो कॉम्प्युटरला वायरने जोडायचा, कॉम्प्युटरवर आयट्यून्स हा अ‍ॅपलचा प्रोग्रॅम उघडायचा, मग त्याला जाग यायची. पीसीचे दिवस संपवायला निघालेल्या यंत्राला घराबाहेर पडण्यासाठी पीसीचीच परवानगी लागत होती. २०११ च्या शेवटी ही अट गेली. त्यानंतरचा क्रम बघण्यासारखा आहे. २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर कव्हरलाच जोडलेला की-बोर्ड आला, आणि पडद्यावर लिहायची पेन्सिलही आली. (स्टायलस हवाय कुणाला, असं २००७ मध्ये जॉब्ज यांनीच म्हटलं होतं, पण ते जाऊ दे.) २०१७ मध्ये फाइल्स दिसायला लागल्या, तोवर फाइल नावाची गोष्टच नाही असा आव होता. २०२० मध्ये ट्रॅकपॅड आला आणि पडद्यावर चक्क पॉइंटर फिरू लागला. २०२१ मध्ये मॅकची, म्हणजे अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरची, चिप आयपॅडमध्ये बसली. २०२४ मध्ये साधा कॅल्क्युलेटर आला. तब्बल चौदा वर्षं या यंत्रात कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर नव्हता, हे मला अजून खरं वाटत नाही. आणि २०२५ मध्ये एकावर एक ठेवता येणाऱ्या, हव्या तशा ओढून लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आल्या, वर मेनूची पट्टी आली.

की-बोर्ड, पॉइंटर, फाइल, खिडकी, मेनू. आता सांगा, कोणी कोणाची जागा घेतली?

उलट दिशेचा प्रयोगही होऊन गेला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ काढलं आणि कॉम्प्युटरलाच टॅब्लेट करायचं ठरवलं. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण गायब, त्याजागी रंगीत चौकोनांची भिंत. माऊस हातात धरून बसलेली माणसं कोपरे चाचपडायला लागली, कारण बंद कसं करायचं हेच सापडेना. ओरड एवढी झाली की वर्षभरात ते बटण मुकाट्याने परत आलं. त्याच वेळी काढलेला सरफेस आरटी नावाचा टॅब्लेट इतका पडून राहिला की कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलर तोटा खाती मांडावा लागला. फोनलाच पडदा आणि की-बोर्ड जोडून कॉम्प्युटर करायचा, ही तिसरी वाटही चोखाळून झाली आहे. २०११ चा मोटोरोलाचा एट्रिक्स, मायक्रोसॉफ्टचं कंटिन्युअम, २०१७ पासून सॅमसंगचं डेक्स. डेक्स अजून आहे आणि चालतंही बरं. पण फोनला पडदा, की-बोर्ड आणि माऊस जोडून टेबलाशी बसलेल्या माणसाला लांबून बघा; तो काय वापरतोय असं तुम्ही म्हणाल?

आता घोडं नक्की कुठे पेंड खातं ते सांगते. एकदा प्रवासात असताना, नियम मोडून, मी एक लांबलचक अर्ज फोनवर भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख, इथपर्यंत सगळं सुरळीत. मग एक चौदा-पंधरा आकडी क्रमांक मागितला. तो होता ईमेलमध्ये आलेल्या एका पीडीएफमध्ये. अर्ज सोडून ईमेल, ईमेलमधून पीडीएफ, तिथे क्रमांकावर बोट दाबून धरलं तर अख्खी ओळच निळी झाली. ते दोन्ही टोकांचे निळे ठिपके ओढून नेमका क्रमांक पकडावा, तर ठिपका माझ्या बोटाखालीच झाकलेला. शेवटी नाद सोडला आणि क्रमांक तोंडाने घोळवत, पुटपुटत परत अर्जाकडे धावले. तर पान नव्याने उघडलेलं, आधी भरलेलं सगळं साफ. पुन्हा श्रीगणेशा. दुसऱ्या खेपेला फोटोपर्यंत पोचले. फोटो अमुक केबीच्या आतच हवा. तो लहान करायला एक अ‍ॅप घेतलं, अ‍ॅपने आधी एक जाहिरात दाखवली, आणि जाहिरात संपेपर्यंत अर्जाची मुदत संपली.

शेजारी दोन खिडक्या उघडता आल्या असत्या तर यातलं काहीच झालं नसतं. एकीकडे पीडीएफ, एकीकडे अर्ज, मान डावीकडून उजवीकडे वळवायची, झालं. कॉम्प्युटरची सारी थोरवी मला या शेजारात दिसते. वेग, मेमरी, चिप या गोष्टींत आजचा फोन काही वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला सहज मागे टाकतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण फोन एका वेळी एक गोष्ट समोर धरतो आणि दुसरी आपल्या डोक्यात ठेवायला लावतो. पडदा दुभागायची सोय फोनमध्येही असते म्हणा, पण खालून की-बोर्ड वर आला की त्या दोन फाळक्यांचं काय होतं ते एकदा करून बघा. कामाच्या बहुतेक गोष्टी मुळात दोनच असतात: यादी आणि हिशेब, मूळ आणि भाषांतर, कालचा मसुदा आणि आजचा. मी लिहिते तेव्हा डावीकडे टिपणं असतात, उजवीकडे लेख, आणि मागे कुठेतरी शब्दकोश दबा धरून बसलेला. पसारा म्हणा हवं तर. पण तुलना पसाऱ्यातच होते. पडद्याला टेबल मानायचं आणि त्यावर कागद पसरावेत तशा खिडक्या पसरायच्या, ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रुजली. त्याआधी, डिसेंबर १९६८ मध्ये, डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकी संशोधकांनी भर सभेत माऊस चालवून दाखवला होता. एवढ्या काळात यंत्रं कुठल्या कुठे गेली, तो टेबलाचा विचार काही मोडीत निघाला नाही.

बोटाचंही तेच. बोट हे चित्रं सरकवायला अप्रतिम आणि नेम धरायला बेकार. आयफोनसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांना अ‍ॅपलचीच शिफारस आहे की बोटाने दाबायची जागा निदान ४४ पॉइंट (हे पडद्यावरचं माप) रुंद आणि तितकीच उंच असावी. माऊसच्या बाणाचं टोक म्हणजे एक ठिपका. एक्सेलच्या पत्रकात ज्या जागेत दहा-बारा चौकटी मावतात तिथे बोटासाठी दोन-तीन कशाबशा मावणार. शिवाय बाण नुसता वरून फिरवता येतो. काही न दाबता 'हे काय आहे' असं विचारता येतं. बोट मात्र टेकलं की टेकलं. फोनवर एखाद्या शब्दातली एक वेलांटी बदलायची तर कर्सर एकदा शब्दाच्या आधी, एकदा नंतर, असा माझा नुसता खेळ होतो. अखेर अख्खा शब्द पुसून नव्याने लिहिते.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणते, सवयीचा प्रश्न आहे. थोडाफार आहेही. पण मध्यंतरी ती कॉलेजचा अहवाल फोनवर लिहीत होती, आणि तो कुठे सेव्ह केलाय असं मी विचारलं. "फोनमध्ये." फोनमध्ये कुठे? या प्रश्नाचा अर्थच तिला लागेना. तिच्या लेखी वस्तू 'कुठे' नसते. शोधली की सापडते. सापडली नाही तर ती मला विचारते. तिला दोष कसा देणार? फोन तसाच बांधलेला आहे. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कुंपणात, एकाचा माल दुसऱ्याला सहजासहजी दिसत नाही. त्यामुळे फोनला व्हायरसची लागण कमी होते आणि माझ्यासारखे उपद्व्यापी लोक तो बिघडवू शकत नाहीत. कॉम्प्युटर मी मनसोक्त बिघडवले आहेत. नको त्या फाइली उडवल्या, मग रात्र घालवून सगळं परत घातलं, आणि मला कॉम्प्युटरमधलं जे काही थोडंफार कळतं ते त्या रात्रींतच कळलं. फोन तशी संधीच देत नाही. तो फार अदबीने वागतो आणि आत येऊ देत नाही.

अ‍ॅपचंच घ्या. आयफोनची अ‍ॅप बनवण्यासाठी सहसा अ‍ॅपलचं एक्सकोड नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त मॅकवर चालतं. अँड्रॉइडवाल्यांचा अँड्रॉइड स्टुडिओही कॉम्प्युटरवरच. म्हणजे ज्या पडद्यावर भाची दिवस काढते त्यातला जवळपास प्रत्येक चौकोन कुणीतरी कुठेतरी की-बोर्ड बडवून घडवलेला आहे. हे तिला सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बनवणाऱ्यांना लागू दे की! मला वापरायचंय." आणि मला पहिल्यांदाच तिच्या बोलण्याची काळजी वाटली.

कारण घर बंद करून बसायची वेळ आली तेव्हा जगाने काय केलं ते आपण पाहिलं. २०२० मध्ये शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या, तेव्हा लोक आणखी एक फोन घ्यायला धावले नाहीत. २०२१ या एका वर्षात जगात ३३ कोटींहून अधिक पीसी विकले गेले, आणि हा धंदा तर आटत चालला अशी आवई उठून कितीतरी वर्षं झाली होती. ज्या मुलांकडे फक्त फोन होता ती वर्ग ऐकू शकली, फळा बघू शकली, पण त्याच वेळी वहीत लिहावं तसं समोर काही लिहू शकली नाहीत. ऐकणं आणि बघणं फोनवर उत्तम होतं. उत्तर मांडायची वेळ आली की बोटं कमी पडतात.

म्हणून ओळखीचे लोक मला 'मुलांना टॅब घेऊ की लॅपटॉप' असं विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते, की पोरगं करणार काय आहे? वाचणार, व्हिडिओ बघणार, चित्रं काढणार असेल तर टॅब घ्या. चित्रांसाठी तर मी लॅपटॉपच्या आधी टॅबच म्हणेन. चार पानं सलग लिहायची असतील, हिशेब मांडायचा असेल, प्रोग्रॅम लिहायचा असेल तर लॅपटॉप, आणि तो साधा, जुना, दुसऱ्याने वापरलेला असला तरी बिघडत नाही. टॅब आधीच घेऊन झाला असेल तर निदान एक धड की-बोर्ड तरी घ्या. भाचीच्या अहवालात शेवटी अनुक्रमणिका, तक्ते आणि तळटीपा घालायची वेळ आली तेव्हा ती माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि तीन दिवस उठली नाही. त्या तीन दिवसांत मला एक तिकीट काढायचं होतं. ते मी तिच्याच फोनवरून तिच्याकडून काढून घेतलं. मिनिटभरात झालं, आणि जागा खिडकीची मिळाली.