लाऊडस्पीकरचा परवाना : दोन हजार वॉट आणि चार फेऱ्या

आमच्या गावच्या देवळात माघी गणेश जयंतीच्या संध्याकाळी नाट्यगीतांची छोटी बैठक होते. श्रोते फार तर दीडशे, गायक दोघे, साथीला पेटी, तबला आणि टाळ. एवढ्यासाठी सहा माइक, बारा चॅनेलचा मिक्सर आणि स्टँडवर चढवलेले दोन बारा इंची स्पीकर पुरेसे होतात. हे सामान माझे स्वतःचे असल्यामुळे ध्वनीची बाजू काही वर्षे माझ्याकडेच आहे. परवान्याचा अर्ज मात्र यंदा प्रथमच माझ्या नावाने करायचा होता, कारण ते काम पाहणारे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला एका सकाळी मिळाला आणि देवस्थान कमिटीचे पत्र त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडले. अडलो तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, आणि तेही अर्जातल्या एकाच रकान्यावर.

तो रकाना होता ‘ध्वनिक्षेपकांची संख्या व क्षमता (वॉट)’. स्पीकरच्या पाठीवर जे छापले होते ते मी प्रामाणिकपणे उतरवले : २ नग, प्रत्येकी १००० वॉट. गोपनीय शाखेच्या टेबलावरच्या हवालदारांनी अर्ज वरपासून वाचत आणला, त्या ओळीवर पेन टेकवले आणि मान वर न करता म्हणाले, “दोन हजार वॉट? हा डीजे झाला. डीजेला परवानगी नाही.” देवळातली बैठक आहे, समोर पेटी आणि तबला आहे, असे मी सांगून पाहिले. त्यावर त्यांचे उत्तर होते की पेटीला दोन हजार वॉट कशाला लागतात. प्रश्न अगदी चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर त्या टेबलासमोर उभ्याउभ्या देता येण्यासारखेही नव्हते. बावीस किलोमीटर एसटीने परत आलो.

दुसऱ्या फेरीला स्पीकरचे बिल आणि ‘सामानाच्या मालकाचे संमतीपत्र’ आणायला सांगितले होते. मालकही मीच आणि अर्जदारही मीच असल्यामुळे, माझे सामान मला वापरण्यास माझी हरकत नाही, असे पत्र मी स्वतःलाच लिहून खाली सही केली, आणि ते कोणीही न हसता फाइलला लावून घेतले. बिलावर मात्र पुन्हा तोच १००० चा आकडा होता. तिसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्तावर होते आणि टेबलावरच्या हवालदारांनी स्वतःच्या जबाबदारीवर कागद पुढे ढकलायला नकार दिला. कार्यक्रमाला तेव्हा चार दिवस उरले होते. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी जे काही मनात बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आता थोडा शांत झाल्यावर त्यांची अडचण मला दिसते. कार्यक्रमात काही झाले तर ‘दोन हजार वॉटला सही कोणी केली’ हा प्रश्न त्यांना विचारला जाणार होता, आणि माझ्या बाजूने त्यांच्या हातात एक मोठा आकडा सोडून दुसरे काहीच नव्हते.

म्हणून त्या रात्री बसून दुसरा कागद तयार केला. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये आवाज मोजला आहे तो डेसिबलमध्ये, वॉटमध्ये नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे, आणि दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. आमच्या पटांगणासाठी याचा अर्थ ६५ होतो. तेव्हा खरा प्रश्न होता तो पटांगणाच्या हद्दीवरच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, किती ऐकू येणार हा.

सकाळी टेप घेऊन मोजले, तर स्पीकर उभे राहतात तिथून चिऱ्यांचा गडगा ३२ मीटरवर आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ९२ डेसिबल असेल तर दोन मीटरवर ८६, चारवर ८०, आठवर ७४, सोळावर ६८ आणि बत्तीसवर ६२. सारख्याच आवाजाचे दोन स्पीकर एकत्र धरले की त्यात तीन मिळवायचे, म्हणजे बरोबर ६५. पहिली रांग चार मीटरवर बसते, तिला ८० च्या आसपास आवाज भरपूर होतो. आता वॉट. अशा बारा इंची स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९५ डेसिबल आवाज मिळतो, आणि शक्ती निम्मी केली की तीन डेसिबल कमी होतात. म्हणजे ९२ साठी प्रत्येकी सरासरी अर्धा वॉट पुरतो. ज्या दोन हजार वॉटसाठी माझ्या तीन फेऱ्या झाल्या, त्यांतला सरासरी एक वॉट आमच्या बैठकीत खर्च होणार होता.

मग हजार वॉट छापतात कशाला? तबल्याची थाप किंवा गायकाची वरच्या सुरातली उसळी सरासरीपेक्षा सहज वीस डेसिबलने वर जाते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती, त्या क्षणापुरते पन्नास वॉट. तेवढा पैस नसलेला लहान अँप्लिफायर त्या क्षणी फाटतो आणि फाटलेला आवाज मोजमापात कमी असूनही कानाला जास्त टोचतो. शिवाय पाठीवरचा आकडा बहुधा ‘पीक’चा, म्हणजे क्षणभरच पेलण्याचा असतो; सलग पेलणारा ‘आरएमएस’ आकडा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो आणि तो पुस्तिकेत सापडतो. अर्ज करणाऱ्याने पुस्तिकेतला आकडा लिहावा. मी तो आधीच लिहिला असता तर निदान एक फेरी वाचली असती, असे मला वाटते.

पटांगणाचा हातनकाशा, गडग्यापर्यंतची अंतरे, वरचा हिशेब आणि दहाला बंद करण्याचे हमीपत्र असे चार कागद घेऊन चौथ्यांदा गेलो. या वेळी साहेब जागेवर होते. त्यांनी नकाशाकडे एकदा पाहिले, हिशेबाचे पान उलटवून बाजूला ठेवले आणि विचारले, “दहाला बंद होणार ना?” मी हो म्हटले. सही झाली. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. हातात पडलेल्या परवान्यावर ‘ध्वनिक्षेपक : २ नग’ एवढेच होते; वॉटचा रकानाच त्यात नव्हता.

इथेच सांगायला हवे ते आता आठवले : प्रत्येक फेरीला अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पहिल्या दोन फेऱ्यांची पोच माझ्याकडे नव्हती, त्यामुळे अर्ज बारा दिवस आधी दिला होता हे मला साहेबांसमोर तोंडीच सांगावे लागले. आणि कार्यक्रम दहाच्या पुढे जाणार असेल तर ठाण्यातल्या विनवणीचा उपयोग नाही. उघड्यावर बारापर्यंतची सूट राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरतीच देऊ शकते. आपली तारीख त्या यादीत आहे का, ते आधी पाहावे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचे फार सांगण्यासारखे नाही. माइक जोडताना एका केबलमधून घरघर आली. मिक्सर गाभाऱ्याकडच्या सॉकेटवर आणि स्पीकर मांडवाच्या वायरवर होते; दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यावर ती थांबली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या केबलच्या टोकाच्या जोडाच्या, पिना वर्षभरात काळवंडतात, म्हणून त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घेतल्या. समुद्राकडून वारा होता, तेव्हा गायकांच्या माइकवर स्पंजच्या टोप्या चढवल्या आणि १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला. शिट्टी येऊ नये म्हणून स्पीकर माइकच्या पुढे ठेवले आणि पेटीचा माइक भात्याच्या बाजूला न लावता सुरांच्या जवळ आणला.

साडेनऊच्या सुमारास एका मित्राचा डेसिबल मीटर घेऊन गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. पद रंगात असताना आकडा ६३ आणि ६४ च्या मध्ये फिरत होता आणि गायक श्वास घ्यायला थांबले की समुद्राच्या गाजेवर तो पन्नाशीजवळ येऊन थांबत होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो गाण्याचा होता असे म्हणणे खोटे ठरेल. परत येताना शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात धरून थांबवले आणि म्हणाले, “अरे, आवाज जरा वाढव, मागे काही ऐकू येत नाही.” त्यांना पाचव्या रांगेत खुर्ची दिली आणि मिक्सरला हात लावला नाही. नऊ बावन्नला भैरवी संपली. आधी स्पीकर बंद केले, मग मिक्सर, आणि घड्याळाचा फोटो काढून परवान्याबरोबर ठेवून दिला.