फॅक्टरची वही

माझ्या मुलाचा गुडघा सुजायला लागला की तो सांगायच्या आधी मला कळतं. पायरी उतरताना तो खांबाला हात लावतो. लंगडत नाही, रडत नाही, नुसता हात लावतो. त्याला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर. म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर ८ नावाचं प्रथिन एक टक्क्याहून कमी. रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, पण वाहायचं थांबत नाही, आणि बाहेर दिसण्यापेक्षा सांध्यात आतल्या आत साचतं.

निदान मुंबईला परळच्या हॉस्पिटलात झालं. घरी आल्यावर पहिला प्रश्न निघाला, हे आलं कोणाकडून? बोट माझ्या माहेराकडे. माझ्या आजीचा भाऊ दात काढल्यावर रक्त जाऊन गेला, हे आईने मला तेव्हा सांगितलं. पण साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो, तरी त्यांच्या आयांनाही हेच ऐकावं लागतं. याचा मला आजही राग येतो.

आमचं गाव देवगड तालुक्यात. सुरुवातीची वर्षं कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेस पकडून दादर, तिथून परळ अशीच गेली. मुलगा तेव्हा वीस किलोचा. एका किलोला फॅक्टरचं एक युनिट शिरेतून दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे चाळीस टक्क्यांसाठी ४०० युनिट. एवढीशी बाटली, आणि तिच्यासाठी रात्रभराचा प्रवास. तोवर गुडघा नारळाएवढा व्हायचा. जवळच्या सरकारी दवाखान्यात फॅक्टर ठेवा म्हणून अर्ज केला तर उत्तर आलं, "एका पेशंटसाठी स्टॉक मागवला आणि एक्सपायर झाला, तर जबाबदारी कोणाची?"

परळच्या बाकावर एकदा मागून आवाज आला, "गो बाये, तुमी खंयचे?" मालवणकडची बाई, मांडीवर कोपर बांधलेला मुलगा. त्या दिवशी ठरलं, पेशंट एकच नाही हे दाखवायचं.

आशाताईंना विचारत फिरलो. दात पडल्यावर, सुंता झाल्यावर, कमरेत इंजेक्शन घेतल्यावर कोणाचं रक्त थांबलं नव्हतं का? वर्षभरात सात घरं सापडली. शिमग्याच्या आधीच्या रविवारी सगळे आमच्या पडवीत जमले. एक बाबा मात्र आत येईनात, अंगणातच उभे राहिले. मुलाला आजार, पण काळजी मुलीच्या लग्नाची. "नाव लिवू नकात," एवढंच म्हणाले. कोणीतरी समजवायला उठलं, मी थांबवलं. वहीत त्यांच्या घराला "क्रमांक ५" लिहिलं आणि चहा अंगणात नेऊन दिला.

खरं काम त्या वहीने केलं. वय, वजन, कमी काय, फॅक्टर ८ की दुसऱ्या प्रकारातला ९, कुठला सांधा, किती वाजता दुखायला लागलं, किती युनिट लागले, कुठे जाऊन घेतले. सहा महिने प्रत्येक घराने लिहिलं. दुसऱ्या अर्जाला त्याची बेरीज जोडली. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः गणित केलं आणि म्हणाले, "हा स्टॉक पडून राहणार नाही." तरी अर्ज एकदा हरवला, पुन्हा दिला. चार महिन्यांनी फ्रिजमध्ये बाटल्या आल्या. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात हिमोफिलिया आहे, हे प्रमाणपत्राच्या शिबिरातही कागद पुढे करून सांगावं लागलं. "हा तर चालतो," असं तिथे एकाने म्हटलं होतं.

मग माझी चूक झाली. सगळ्यांचे फोन माझ्याकडेच. वडील आजारी म्हणून मी माहेरी गेले, तिथे रेंज नव्हती. त्या रात्री एका घरातल्या मुलाने जीभ चावली आणि ते सकाळपर्यंत माझ्या फोनची वाट बघत बसले. दवाखाना त्यांच्यापासून वीस मिनिटांवर, फ्रिजमध्ये औषध. मुलगा वाचला. पण सात घरांना मी माझ्यावर टेकवून ठेवलं होतं, हे मला त्या रात्रीने दाखवलं.

आता कोणाला कधी फोन करायचा त्याचा कागद प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवलेला आहे. सर्वांत वर लिहिलंय, "आधी फॅक्टर, मग फोन." एकोणीस वर्षांचा एक मुलगा परळला स्वतः शीर शोधून फॅक्टर घ्यायला शिकला आणि आता लहानांना दाखवतो. पावडरमध्ये पाणी बाटलीच्या कडेने सोडायचं, हलवायचं नाही, दोन तळव्यांत धरून हळू फिरवायचं. बोलतो कमी, पण मुलं त्याच्या हाताकडे बघत राहतात. वही आता त्याच्याकडे असते.

गेल्या १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिनाला, आम्ही पुन्हा जमलो. अंगणातले बाबा या वेळी आत येऊन बसले. वही मागून घेतली, "क्रमांक ५" खोडून पूर्ण नाव लिहिलं आणि खाली मुलीचं. तिची पाळी नऊ-नऊ दिवस चालते, हे त्यांना बायकोने परवा सांगितलं. आजार वाहणाऱ्या मुलींचाही फॅक्टर कमी असू शकतो, म्हणून तिची तपासणी करायची आहे. तुतारीची तीन तिकिटं काढली आहेत, तिचं, तिच्या आईचं आणि माझं.