स्ट्रॉ त्या दिवशी टँकमध्येच राहिली

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मी एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे, आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारांच्या प्रयोगशाळेत. गोठवलेले एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, सांभाळणं आणि वेळ आली की ते थॉ करणं, म्हणजे वितळवणं, हे माझं काम. स्ट्रॉ म्हणजे प्लास्टिकची अगदी बारीक काडी आणि तिच्या टोकाला पाच दिवसांचा एम्ब्रियो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून ती काढायची आणि एक-दोन सेकंदांत ३७ अंशांच्या द्रावणात बुडवायची. जरा वेळ लागला की बर्फाचे कण पेशी फाडतात. एकदा बुडवली की मागे फिरता येत नाही.

२२ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. सकाळी सातलाच मी द्रावण गरम करायला ठेवलं होतं, ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं, अकराला होतं. डॉक्टर दारातच थांबल्या. "आज थॉ करू नकोस. वकील नको म्हणतायत."

मनात धाकधूक होतीच. आदल्या शुक्रवारी, १६ तारखेला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की गोठवलेला एम्ब्रियो हेही कायद्याच्या दृष्टीने मूलच. म्हणजे थॉ करताना तो वाचला नाही, तर मुलाच्या मृत्यूचा खटला होऊ शकेल, ही भीती. बुधवारी बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने आयव्हीएफ थांबवलं, तेव्हाच आमचंही थांबणार हे दिसत होतं.

मूळ प्रकरण मोबिल शहरातलं, डिसेंबर २०२० चं. रुग्णालयातला एक पेशंट भटकत गोठवणाच्या खोलीत शिरला, त्याने एम्ब्रियो हातात उचलले, थंडीने हात भाजला आणि ते खाली पडले. ज्या जोडप्यांचे ते होते, ती कोर्टात गेली. त्यांचं दुःख मला पुरेपूर कळतं. अशी खोली उघडी राहणं हा अपराधच. पण कोर्टाने लावला तो १८७२ चा कायदा, अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दल दाद मागण्याचा, आणि त्याच्या जोडीला २०१८ ची घटनादुरुस्ती, न जन्मलेल्या जीवाचं पावित्र्य जपण्याची.

निकालपत्र मी शनिवारी रात्री स्वयंपाकघरात बसून वाचलं. सरन्यायाधीश टॉम पार्कर यांनी आपलं वेगळं मत जोडलं होतं. त्यात बायबलच्या उत्पत्ती, निर्गम आणि यिर्मया या पुस्तकांतली वचनं होती, ऑगस्टीन, अक्वायनस आणि कॅल्व्हिन हे ख्रिस्ती धर्मपंडित होते, आणि देवाच्या कोपाचा इशारा होता. मी थांबून पुन्हा वाचलं. माझा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधला, डॉ. वॉनलेसांनी उभं केलेल्या. येशूच्या नावाने बायकांची बाळंतपणं करणारी माणसं आमच्या घरात आदराने आठवली जातात. त्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण कोणती पेशी म्हणजे मूल, हे सरकारच्या वतीने सांगणाऱ्या कागदावर धर्मग्रंथाची वचनं पाहून मला भीती वाटली.

हे एका रात्रीत झालेलं नाही. पार्कर एकेकाळी रॉय मूर यांचे सहकारी होते. हे मूर म्हणजे २००१ मध्ये न्यायालयाच्या इमारतीत बायबलमधल्या दहा आज्ञांची दगडी शिळा बसवणारे आणि ती हलवायला नकार दिल्यामुळे २००३ मध्ये पद गमावणारे सरन्यायाधीश. पार्कर २००४ मध्ये निवडून आले. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, न्यायाधीश निवडून येतात तुमच्याकडे? पक्षाच्या तिकिटावर?" येतात. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पास्टरनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली, तेव्हापासून चर्चमधली माणसं मतदार म्हणून उभी करण्याचं काम पद्धतशीर झालं. नोव्हेंबर २०१८ च्या ज्या मतदानात पार्कर सरन्यायाधीश झाले, त्याच मतदानात ती घटनादुरुस्तीही मंजूर झाली.

अकराच्या पेशंटला फोन लागला नाही. ती पहाटेच गाडी घेऊन निघाली होती, तीन तासांचा रस्ता. तीन आठवड्यांच्या गोळ्या, पाच दिवसांची प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं, सगळं पार पाडून ती वेटिंग रूममध्ये बसली होती. गळ्यात छोटा क्रॉस. डॉक्टरांनी तिला आत बोलावून सांगितलं, मग माझ्याकडे आणलं, कारण तिला विचारायचं होतं, "माझे एम्ब्रियो ठीक आहेत ना?"

मी तिला काचेतून टँक दाखवला. तिच्या दोन स्ट्रॉ, अमुक नंबरच्या खणात. ती काचेला हात टेकवून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "२०१८ ला मी त्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. आमच्या पास्टरनी सांगितलं होतं, हे जीवनासाठी आहे. मी जीवनासाठीच तर इथे आले." मला काय बोलावं ते सुचेना. मी तिला पाणी दिलं.

ती गेल्यावर मी गरम केलेलं द्रावण ओतून टाकलं. दुपारी बाकीची कामंही अडली. आठ बीजं फलित झाली तर पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीनच नीट वाढतात, उरलेली आपोआप थांबतात. निसर्गातही हेच घडतं. रोज आम्ही ते नोंदवतो आणि पेशंटच्या संमतीने टाकून देतो. त्या दुपारी इन्क्युबेटरमधल्या थांबलेल्या एम्ब्रियोंची डिश मला टाकवेना. त्यांना काय म्हणायचं, ते मी ठरवायचं की कोर्टाने, हेच कळेना. कुणी दुसरीकडच्या सेंटरला एम्ब्रियो हलवायचे म्हटले, तर वाहतूक करणारेही हात आखडून बसले होते.

२८ तारखेला मॉन्टगोमेरीच्या विधानभवनात शेकडो पेशंट जमले, आमची ती पेशंटही गेली. तिच्याबरोबर तिच्या चर्चमधल्या दोघीजणी होत्या, असं तिने नंतर सांगितलं. ६ मार्चला गव्हर्नर के आयव्ही यांनी सही केली आणि आयव्हीएफ करणाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा आला. एम्ब्रियो मूल आहे की नाही, याबद्दल त्यात एक शब्द नाही. जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या अधिवेशनात आयव्हीएफविरुद्ध ठरावही झाला.

तिची ट्रान्सफर एप्रिलमध्ये पुन्हा ठरली. पहिली स्ट्रॉ मी काढली, बुडवली, घड्याळ लावलं. साधारणपणे थोड्या वेळात एम्ब्रियो फुगायला लागतो, सुरकुतलेली किनार ताणली जाते. हा फुगला नाही. तासाभराने पाहिलं, दोन तासांनी पाहिलं. पेशी करड्या झाल्या होत्या.

थॉ-शीटवर शेवटचा रकाना असतो: वाचला की नाही. इतक्या वर्षांत मी तिथे किती वेळा 'नाही' लिहिलं असेल. त्या दिवशी पेन टेकवून बसून राहिले. मग 'नाही' लिहिलं, वेळ टाकली, सही केली आणि डॉक्टरांना बोलावलं. पहिला वाचला नाही तर दुसरा थॉ करायचा, ही संमती तिने आधीच दिली होती. तरी डॉक्टर बाहेर जाऊन तिला पुन्हा विचारून आल्या.

"हो म्हणाली," त्यांनी सांगितलं.

मी हातमोजे बदलले आणि दुसरी स्ट्रॉ काढायला टँककडे गेले.