कवडसा मोजताना

सहावीच्या विज्ञानातला 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक', म्हणजे खोक्याला बारीक भोक पाडून केलेला पिनहोल कॅमेरा, त्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत बसलेल्या जवळपास प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी शिकवलेला होता. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून प्रतिमा उलटी पडते. झालं. उत्तर तोंडपाठ असलं की मोठा माणूस तिकडे बघायचंच सोडतो. म्हणून प्रशिक्षणात आम्ही खोकं बनवत नाही, अख्खी वर्गखोलीच प्रतिमाग्राहक करतो.

डिसेंबर महिना, जिल्हा परिषदेची शाळा, सकाळी अकराची वेळ. खिडकी उत्तरेची निवडली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो, त्यामुळे या खिडकीतून दिसणारं सगळं समोरून उजळलेलं असतं आणि ऊन मात्र आत येत नाही. बाकीच्या खिडक्यांना जुन्या फ्लेक्सचे दोन-दोन थर लावले, कडांना चिकटपट्टी. एवढं करूनही गडबड होते ती दाराखालच्या फटीत आणि वरच्या झरोक्यात. फटीला सतरंजीची गुंडाळी, झरोक्याला पुठ्ठा.

भोक पुठ्ठ्यात पाडू नये. जाड कडेमुळे बोगदा होतो आणि तिरपा प्रकाश अडतो. पुठ्ठ्याला मोठी चौकट कापून तिच्यावर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा चिकटवायचा आणि भोक पत्र्यात पाडायचं. तेही सुईने नाही. सुईचं भोक खोक्याला पुरतं. खोलीत चित्र इतकं अंधूक येतं की काहीच दिसत नाही. दोन मीटरवर पांढरी चादर टांगली असेल तर १ सेंटिमीटर व्यासाचं भोक बरं. दहा मीटरवरचा माणूस चादरीवर साधारण ३२ सेंटिमीटर उंच दिसतो, कडा सेंटिमीटरभर पुसट.

दार लावलं. पहिली दोन मिनिटं कुणाला काहीच दिसत नाही, आणि इथेच हमखास कुणीतरी मोबाइल काढतं. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्यावी लागतात. एकदा स्क्रीन चमकली की पुन्हा पहिल्यापासून. सातव्या-आठव्या मिनिटाला मागून एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, रंगीत आहे!"

दरवेळी हेच होतं. उलटं दिसणार हे सगळ्यांना माहीत असतं. रंग दिसतील असं कुणाला वाटलेलं नसतं. वर मैदान, खाली निळं आकाश, त्यात लोंबणारा हलता लिंब. बाहेर फळ्याच्या दिशेने निघालेली एसटी चादरीवर दाराकडे गेली. मग एका सरांनी आपला +२ नंबरचा जवळचा चष्मा पुढे केला. भोक तीन सेंटिमीटरचं करून काच त्यावर धरली, मागे अर्ध्या मीटरवर कोरा कागद. चित्र लहान झालं, पण लिंबाची पानं मोजावीत इतकं स्वच्छ.

यापुढचं मात्र आमच्या आराखड्यात नव्हतं. कोपऱ्यात बसलेले, निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, "आमच्या कौलारू घरात जमिनीवर कवडसे पडायचे, सगळे गोल. कौलांच्या फटी काही गोल नव्हत्या." जरा थांबून म्हणाले, "म्हणजे ते सूर्याचं चित्र होतं का हो?"

लगेच करून पाहिलं. आरशावर कागद चिकटवला, त्यात १ सेंटिमीटरची त्रिकोणी खिडकी कापली, आरसा उन्हात धरून उजेड दारातून आतल्या भिंतीवर टाकला. (आरशात कुणी डोकवायचं नाही, हे दोनदा बजावून.) हातभर अंतरावर ठिपका त्रिकोणीच होता. दहा मीटरवर गोल, सुमारे १० सेंटिमीटरचा. हिशेब सोपा आहे: सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे, म्हणून अंतराला १०८ ने भागलं की सूर्याच्या चित्राचा व्यास मिळतो. दहा मीटरला सव्वानऊ सेंटिमीटर, वर खिडकीच्या रुंदीची थोडी भर. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते ते यामुळेच. दोघातिघांनी ते पाहिले होते, फोटोही काढले होते, आणि विषय तिथेच सोडला होता.

जेवणाची सुट्टी झाली तरी डबे बंदच. सगळे मैदानातल्या चिंचेखाली, हातात पट्ट्या. ऊन तिरपं असल्याने जमिनीवर कवडसा लांबट पडतो, म्हणून त्याची अरुंद बाजू मोजायची आणि तिला १०८ ने गुणायचं. एका सरांचा ७ सेंटिमीटरचा निघाला, म्हणजे पानांमधली फट साडेसात मीटरवर. "एवढं उंच झाड आहे का हे?" म्हणून वाद पेटला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही उंची नव्हे, किरणाच्या तिरप्या वाटेची लांबी आहे. डिसेंबरात आपल्याकडे भरदुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे फटीची उंची साडेपाच मीटर. तरी गुरुजींचं समाधान होईना. ते शिपायाला विचारत होते, विहिरीचा दोर कुठे ठेवलाय.