वाकड्या मनोऱ्याचं चर्च

काल इथे इंग्लंडमध्ये शेफिल्डहून ट्रेनने चेस्टरफिल्डला गेलो, जेमतेम पंधरा मिनिटं लागतात, आणि इतकी वर्षं इथे राहून ते वाकडं चर्च कायम खिडकीतूनच बघत आलो होतो. आई सध्या इकडेच आहे, म्हटलं चला एकदा. सेंट मेरी अँड ऑल सेंट्स, चौदाव्या शतकातलं. मनोरा २२८ फूट उंच आणि अक्षरशः जिलबीसारखा पिळलेला, ४५ अंश वळलाय आणि वर साडेनऊ फूट कललाय. आई खालून बघतच राहिली, मग म्हणाली, "गवंडी पिऊन आला होता का रे?" 😂

गवंडी नाही, सुताराची भानगड, कारण आत सगळं लाकूड. असं म्हणतात की ओलंच लाकूड वापरलं, आडवे टेकू नीट दिले नाहीत, वरून शिशाच्या पत्र्याचं टनावारी वजन, उन्हाने शिसं एका बाजूला जास्त तापतं आणि मग काय, पीळ बसत गेला. प्लेगात जाणते कारागीर गेले म्हणून असं झालं असंही सांगतात. गावकऱ्यांची गोष्ट भारी आहे, चर्चमध्ये लग्नाला आलेली नवरी खरंच कुमारिका निघाली म्हणून मनोरा वळून बघायला लागला 🙈 (ही आईला सांगितली नाही.)

१९६१ च्या आगीत आतला जुना ऑर्गन जळाला, पण मनोरा वाचला.

बाहेर बाजारात आईने भाव विचारून विचारून दोन किलो प्लम घेतले. आता खाणार कोण?